‘आश्वासक’ या शब्दाविरुद्ध

डिसेंबर आला की मराठीत एक हंगाम सुरू होतो. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या, मासिकं, प्रकाशकांची पत्रकं, सगळीकडे याद्या लागतात. ‘वर्षभरातल्या लक्षवेधी पहिल्या कादंबऱ्या’, ‘नव्या दमाचे पाच कादंबरीकार’, ‘वाचायलाच हव्यात अशा दहा’. प्रत्येक पुस्तकाच्या वाट्याला तीन-चार ओळी येतात आणि त्या ओळींत ‘आश्वासक’ हा शब्द बहुधा असतोच. तो नसला तर ‘दखलपात्र’, ‘अपेक्षा उंचावणारी’, ‘वेगळी वाट चोखाळणारी’, आणि लेखक गावाकडचा असेल तर ‘मातीचा गंध असलेली’. अशा याद्या मीही केल्या आहेत. सात-आठ वर्षं न चुकता केल्या. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते त्रयस्थाचं लिहिणं नाही. आरोपींच्या रांगेत मी पहिली आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. नव्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीची आपण ज्या पद्धतीने शिफारस करतो, ती पद्धत म्हणजे ते पुस्तक न वाचण्याची सोय आहे. या सोयीची किंमत यादी करणारा देत नाही. ती लेखक देतो, दुसऱ्या भाषेतला वाचक देतो आणि सगळ्यात जास्त अनुवादक देतो.

हे मला कसं कळलं ते सांगते. मी गेली वीसेक वर्षं हैदराबादला राहते. मराठी पुस्तकं मागवून वाचते आणि इतर भाषांतल्या मित्रमैत्रिणींना ‘मराठीत नवं काय?’ या प्रश्नाचं उत्तर देत असते. धारवाडला एक बाई आहेत, मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करतात. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या; मी त्यांना अक्का म्हणते. काही वर्षांपूर्वी माझी एक यादी त्यांच्या वाचनात आली. तीत एका तरुणाची पहिली कादंबरी होती आणि तिच्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. चौथ्या ओळीत अर्थातच ‘आश्वासक’ होतं. अक्कांनी पुस्तक मागवलं, सुरुवातीची प्रकरणं त्यांना फार आवडली आणि पुढचं वाचण्याआधीच त्यांनी अनुवादाला हात घातला. कुणी काम दिलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते. पाच महिन्यांनी त्यांचा फोन आला.

‘‘बाई, एक विचारू? नवव्या प्रकरणात आत्या वारते ना?’’

मी म्हटलं, ‘‘हो, बहुतेक.’’

‘‘मग सतराव्यात चहा कोण टाकतंय? तीच आत्या आहे. नावगाव सगळं तेच. हे लेखकाने मुद्दाम केलंय का? भूत आहे का? मी दोन दिवस डोकं फोडतेय.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण ती कादंबरी मी सत्तर पानांपर्यंत वाचली होती. पुढे मलपृष्ठावरचा मजकूर वाचला होता आणि प्रकाशकाने पाठवलेलं पत्रक वाचलं होतं. आत्या नवव्या प्रकरणात जाते हेही मला फोनवरच कळलं. अक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, ‘‘तुम्ही शेवटपर्यंत वाचलं असेल असं समजूनच मी सुरुवात केली होती.’’

त्या वाक्याला कितीही वर्षं झाली तरी ते जुनं होत नाही. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. अक्कांसाठी मी लेखकाचा नंबर मिळवला आणि आत्याचा विषय काढला. पोरगा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. पुस्तकाला तोवर दोन पुरस्कार मिळाले होते, पाच-सहा याद्यांत नाव आलं होतं, एका समारंभात शाल-श्रीफळ झालं होतं. आधी तो हसला. मग त्याने पुस्तक उघडून पाहिलं असावं, कारण पानं उलटल्याचा आवाज आला. आणि मग म्हणाला, ‘‘मॅडम, आजपर्यंत मला हे कुणीच बोललं नाही. म्हणजे कुणी वाचलंच नाही का?’’

या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. प्रकाशकाने वाचलं नव्हतं. पुस्तकाचा निम्मा खर्च लेखकाकडूनच घेतला होता, तेव्हा वाचायची गरज त्याला वाटली नसावी. पुरस्काराच्या परीक्षकांनी वाचलं नव्हतं, निदान सतराव्या प्रकरणापर्यंत तरी नाही. मी वाचलं नव्हतं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्या मुलाला सांगितलं होतं की तू आश्वासक आहेस.

आता या शब्दाकडे जरा नीट पाहू. ‘आश्वासक’ हे पुस्तकाचं वर्णन नाही. ते लेखकाच्या भविष्याविषयीचं विधान आहे. यात जे आहे त्यापेक्षा पुढे जे येईल ते महत्त्वाचं, असं हा शब्द सांगतो. म्हणजे समोर असलेलं पुस्तक बाजूला ठेवून अजून न लिहिलेल्या पुस्तकाची शिफारस आपण करतो. शिफारस करणाऱ्याला याचा फायदा दुहेरी. पुस्तक चांगलं निघालं तर ‘मी आधीच म्हटलं होतं’, वाईट निघालं तर ‘मी फक्त आश्वासक म्हटलं होतं’. असा बिनजोखमीचा शब्द मराठी समीक्षेत दुसरा नाही.

आपल्याच वाङ्मयाच्या इतिहासावर हा शब्द लावून पाहा. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ साली आली. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी बोट, तिच्यावर नाझी जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, आणि त्यांच्यात एक मराठी तरुण. ही बेडेकरांची पहिली कादंबरी आणि शेवटचीही. पुढे ते चित्रपट-नाटकांत रमले, फार उशिरा त्यांनी ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र लिहिलं, पण दुसरी कादंबरी काही आली नाही. या पुस्तकाला ‘आश्वासक’ म्हणणाऱ्याने कसलं आश्वासन पाहिलं असतं? आश्वासन आणि पूर्ती सगळं त्याच पानांत होतं. दुसऱ्या कादंबरीची वाट पाहत बसलेला वाचक आयुष्यभर बसून राहिला असता.

आता उलट टोक. श्री. ना. पेंडशांची पहिली कादंबरी ‘एल्गार’, १९४९ची. पुढच्याच वर्षी ‘हद्दपार’, १९५२ मध्ये ‘गारंबीचा बापू’, दहा वर्षांनी ‘रथचक्र’. आज पेंडसे म्हटलं की लोक बापू आणि ‘रथचक्र’ सांगतात. ‘एल्गार’ अभ्यासकांपुरती उरली आहे. आपल्या राज्य शासनाचा पहिल्या कादंबरीसाठीचा पुरस्कार पेंडशांच्याच नावाने दिला जातो हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटतं, भले ठरवणाऱ्यांच्या मनात तो अर्थ नसेल. कारण पेंडशांचं उदाहरण सांगतं की पहिल्या कादंबरीत कमी पडण्याची लेखकाला मुभा हवी. पण ती मुभा उपयोगी केव्हा पडते? आपण कुठे कमी पडलो हे त्याला कळतं तेव्हा. ‘आश्वासक’ हा शब्द नेमकं तेच कळू देत नाही.

आणि ‘कोसला’? १९६३ साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांच्या या पहिल्या कादंबरीवर आजच्या पद्धतीने चार ओळी लिहून पाहा. ‘खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या तरुणाची कैफियत. बोलीचा सहज वापर. काही ठिकाणी विस्कळीत. आश्वासक पदार्पण.’ यातलं एकही विधान खोटं म्हणता येणार नाही. तरीही ‘कोसला’बद्दल यात काहीही नाही. पांडुरंग सांगवीकरची बहीण जाते तेव्हा मराठी गद्याचं काय होतं, हे त्या चार ओळींत येऊच शकत नाही. जे विस्कळीत म्हणून खपवलं, तीच त्या कादंबरीची रचना होती हे समजायला पुस्तकाशी भांडावं लागतं. लोक ‘कोसला’शी भांडले. ज्यांना ती आवडली नाही त्यांनीही ती वाचून नाकारली. आजच्या नव्या लेखकाच्या वाट्याला हा नकारसुद्धा येत नाही.

मग याद्या का होतात? आळस हे सोपं उत्तर आहे, पुरेसं नाही. मूळ कारण पैशात आहे. पूर्वी कादंबरीची पहिली आवृत्ती हजार प्रतींची असायची. ती पाचशेवर आली आणि आता तीनशे प्रतींची आवृत्तीही नेहमीची झाली आहे. मागणी येईल तशा प्रती छापण्याची सोय झाल्यावर तर आवृत्ती या शब्दालाच फारसा अर्थ उरलेला नाही. तीनशे प्रतींच्या पुस्तकावर संपादकाचा पगार निघत नाही. म्हणून संपादक गेला. पुरवण्यांतली परीक्षणाची जागा आक्रसली; पूर्वी हजार-बाराशे शब्द मिळायचे, आता दोनशे-अडीचशे. परीक्षण लिहायला पुस्तक वाचावं लागतं आणि त्याचं मानधन टपालखर्चाएवढं. यादीला मात्र मलपृष्ठ पुरतं. दहा पुस्तकांची नावं एका खेपेला छापून येतात, दहा लेखक आणि दहा प्रकाशक खूश, ते सगळे ती यादी आपापल्या गटांत पाठवतात. वाचणारा कमी आणि पाठवणारे जास्त अशी ही व्यवस्था आहे.

जुन्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांनी हस्तलिखितांवर किती काम केलं हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण त्याच ‘सत्यकथे’च्या अंकांची १९६९ मध्ये होळी झाली होती, आणि ती करणाऱ्या लघुनियतकालिकांच्या मंडळींचा राग निराधार नव्हता. काही आवाज त्या दारातून आत येऊच शकत नव्हते. आज दार सगळ्यांना उघडं आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण आत गेल्यावर भेटायला कुणी नाही. त्याच १९६९ साली ह. मो. मराठ्यांची ‘निष्पर्ण वृक्षावर भर दुपारी’ ‘साधना’च्या दिवाळी अंकात आली आणि तिने त्यांना लेखक म्हणून उभं केलं. अंकात येण्याआधी ती संपादकाने वाचली होती, आणि अंक घेणाऱ्यांनी नंतर वाचली. एवढंच लागतं. ही दोन माणसं, आधीचा एक आणि नंतरचा एक, आपण गमावली आणि त्यांच्या जागी यादी ठेवली.

यावर नेहमी येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. नवा लेखक म्हणजे कोवळं रोप, त्याला लगेच कशाला छाटायचं? दोन बरे शब्द लिहिले तर बिघडलं काय? हा आक्षेप प्रेमळ आहे म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं. मी छाटायला सांगत नाही. त्या सव्वीस वर्षांच्या मुलाला माझ्या बऱ्या शब्दांनी काय दिलं ते मी ऐकलं आहे. ‘म्हणजे कुणी वाचलंच नाही का?’ या प्रश्नाइतकं कठोर परीक्षण मी जन्मात लिहू शकले नसते. जी कादंबरी त्याने चार वर्षं लिहिली, तिला आम्ही चार ओळींचा प्रेमळपणा दिला. एखाद्याच्या पुस्तकातली मेलेली आत्या जिवंत झाली तर ते त्याला सांगणं ही माया आहे. न सांगता शाल घालणं ही बेपर्वाई आहे.

दुसरा प्रकार ‘तरुण’ या शब्दाचा. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो; वयाची मर्यादा पस्तीस, रक्कम पन्नास हजार. या पुरस्काराने मराठीत चांगलं काम केलं आहे हे आधी मान्य करते. अवधूत डोंगरे यांची ‘स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट’, नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’, देविदास सौदागर यांची ‘उसवण’, प्रदीप कोकरे यांची ‘खोल खोल दुष्काळ डोळे’ या कादंबऱ्यांकडे त्यामुळे लक्ष गेलं. पण लक्ष गेलं म्हणजे नेमकं कशाकडे गेलं? ‘फेसाटी’च्या लेखकावर २०२० च्या टाळेबंदीत शेतमजुरी करण्याची वेळ आली, ही बातमी सर्वत्र झाली. व्हायलाच हवी होती. तो समाजावरचा आरोप आहे. पण त्या बातमीच्या निमित्ताने ज्यांनी हळहळ व्यक्त केली त्यांतल्या कितीजणांनी ‘फेसाटी’ वाचली? जत तालुक्याच्या दुष्काळी भागातल्या पोराची शिक्षणासाठीची ओढाताण तिथल्याच बोलीत सांगताना लेखकाने काय कमावलं, कुठे घटनांची रांग लागून वाचकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही, याबद्दल किती लिहिलं गेलं? आपण लेखकाच्या हलाखीची शिफारस करतो आणि त्याच्या वाक्यांबद्दल गप्प राहतो. ‘मजूर लिहितो’, ‘शिंपी लिहितो’ याचं कौतुक करणाऱ्याच्या मनात खोलवर हेच असतं की लिहिणं हे खरं तर यांचं काम नव्हे.

आणि वयाची अट फक्त पुरस्काराच्या नियमात असती तर चाललं असतं. ती आता आपल्या डोक्यात बसली आहे. ‘नवा लेखक’ म्हणजे ‘तरुण लेखक’. पंचावन्नाव्या वर्षी, मुलं मार्गी लावून, पहिली कादंबरी लिहिणारी बाई कुठल्याच यादीत येत नाही. ती आश्वासक नाही, कारण तिच्या भविष्याला फार पानं उरलेली नाहीत असं आपण गृहीत धरतो. पुस्तकाकडे पाहायचं असतं तर वयाचा प्रश्न आलाच नसता.

आता या नियतकालिकाच्या वाचकांशी थेट बोलते, कारण तुमच्यातल्या अनेकांची मातृभाषा मराठी नाही. तुम्हाला मराठी कादंबरी मुख्यतः हिंदी किंवा इंग्रजीतून भेटते, आणि उशिरा भेटते. ‘कोसला’ १९६३ची, तिचा सुधाकर मराठे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला १९९७ मध्ये. चौतीस वर्षं. अपवाद आहेत. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ची, तिचा इंग्रजी अनुवाद सहा वर्षांत झाला. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ची, जेरी पिंटो यांचा अनुवाद २०१३ मध्ये आला. पण एरवी पहिली कादंबरी भाषेची वेस ओलांडते ती लेखक मोठा झाल्यावर, त्याच्या नावाच्या मागोमाग. नाव नसताना पुस्तक ओलांडून न्यायचं तर एकच वाहन आहे: कुणाची तरी शिफारस.

म्हणून ही शिफारस भाषेच्या आत आणि भाषेबाहेर सारखी नसते. मराठी वाचक माझी यादी वाचून दुकानात किंवा वाचनालयात जाईल, दहा पानं चाळेल, नाही पटलं तर मला दोन शिव्या देऊन पुस्तक परत ठेवेल. त्याचं फार नुकसान नाही. धारवाडच्या, गुवाहाटीच्या, कोळिकोडच्या वाचकाला ही सोय नाही. तो माझ्या शब्दावर अवलंबून आहे. त्याच्यापुरती माझी शिफारस म्हणजे जामीन राहणं आहे. आपल्याकडे जामीन राहणाऱ्याला घरदार लिहून द्यावं लागायचं. मी तर सत्तर पानंही पुरती दिली नव्हती.

‘मग बाहेरच्या वाचकाला यादी तरी मिळते, तीही बंद करायची का?’ असं मला एका संपादकाने विचारलं. बंद करा असं माझं म्हणणं नाही. पण दहांच्या जागी दोन नावं द्या आणि त्या दोनांची जबाबदारी घ्या. मी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. शेवटचं पान वाचल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. पुस्तकातलं एक तरी असं ठिकाण सांगायचं, जे पत्रकात किंवा मलपृष्ठावर नाही. पुस्तक कुठे कमी पडतं ते त्याच परिच्छेदात सांगायचं, शेवटी ‘किरकोळ त्रुटी वगळता’ असं म्हणून पळायचं नाही. लेखकाचं वय, जात, पेशा, हलाखी पुस्तकाबद्दल बोलून झाल्यावर, गरज असेल तरच. आणि डिसेंबरची घाई करायची नाही. पुस्तक वर्षभर घरात राहू द्यायचं, परत एकदा उघडायचं, मग ठरवायचं. ‘आश्वासक’ हा शब्द मी वर्ज्य केला आहे. त्याच्यावाचून लिहायला बसलं की लगेच कळतं, आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे की नाही.

नियम सांगून मोकळं होणं हेही सोपंच. तेव्हा तीन पहिल्या कादंबऱ्यांची शिफारस इथे करते, ज्यांना मी जामीन राहायला तयार आहे. यंदाची यातली एकही नाही.

रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ २००५ची. प्रौढ साक्षरतेची मोहीम आणि ती राबवण्याचं काम गळ्यात पडलेले शाळामास्तर. गाव कागदावर साक्षर होत जातं आणि ते कागद रंगवता रंगवता मास्तर दमत जातात. सरकारी मराठी आणि बुलढाण्याकडची बोली यांची टक्कर ही या कादंबरीची खरी गोष्ट आहे. परिपत्रकाची भाषा माणसाच्या तोंडी शिरते तेव्हा हसूही येतं आणि पोटात गोळाही येतो. माझी तक्रार: बैठका, तक्ते, अहवाल यांचा पसारा मधल्या भागात वाचकालाही मास्तरांइतकाच दमवतो. ते मुद्दाम आहे असं म्हणता येईल, पण तरीही दमायला होतंच. ज्यांच्या भाषेत सरकारी कचेरीची स्वतंत्र बोली आहे, म्हणजे भारतातल्या सगळ्याच भाषांच्या अनुवादकांनी, हिच्याकडे पाहावं.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ तुमच्यातल्या काहींनी इंग्रजीत वाचली असेल, काहींनी फक्त चित्रपट पाहिला असेल. भाऊ आणि बहीण, दोघंही घरात राहायला आलेल्या एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि तो एक दिवस निघून जातो. अर्धी कादंबरी भावाची, गेलेल्या माणसाला उद्देशून. उरलेली बहिणीची, डायरीतून. एकच माणूस दोघांच्या आठवणीत वेगवेगळा होतो, आणि पुण्यातलं सुशिक्षित घर आपल्याच मुलांना किती कमी ओळखतं हे आवाज न चढवता कळतं. माझी तक्रार: बहिणीची डायरी भावाच्या निवेदनाइतकी घट्ट नाही; तिथे लेखक घाईत आहे. पण विशीतल्या माणसाने मराठीत पुरुषावरचं पुरुषाचं प्रेम इतक्या साधेपणाने लिहिलं, त्याला कुणाच्या आश्वासनाची गरज नव्हती.

तिसरी देविदास सौदागर यांची ‘उसवण’, २०२२ची. रेडीमेड कपड्यांच्या लाटेत ज्याचं गिऱ्हाईक आटत जातं अशा शिंप्याची ही गोष्ट. लेखकाने स्वतः शिलाई केली आहे हे सगळे सांगतात. मी सांगते ते हे की, त्यामुळे कादंबरीत धंद्याची माहिती येते ती उपदेशासारखी न येता हातांच्या सवयीसारखी येते. बाजार बदलला की माणसाच्या हातातलं कौशल्य एका रात्रीत फुकट कसं जातं, हे इथे भाषण न देता दिसतं. माझी तक्रार: शिंप्याच्या भोवतीची माणसं मला आणखी हवी होती; पुस्तक छोटं आहे आणि त्याला मोठं होण्याचा हक्क होता.

तिन्ही पुस्तकं मी दोनदा वाचली आहेत. तुम्हाला ती आवडली नाहीत तर मला लिहा. कुठल्या पानावर आवडली नाहीत तेही लिहा. आपण भांडू. शिफारशीचा खरा उपयोग भांडणापर्यंत पोचण्यासाठीच असतो.

राहिली ती आत्या. अक्कांनी अनुवाद टाकून दिला नाही. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी त्या मुलाला फोन केला. मग दर रविवारी दोघं फोनवर प्रकरणं घेऊन बसायला लागले. तो मराठीत वाचायचा, त्या अडवायच्या: हे कशाला, हा माणूस इथे कसा आला, हे तू आधीच सांगितलंस. सतरावं प्रकरण त्याने नव्याने लिहिलं. चहा आता धाकटी काकू टाकते, आणि आत्या नाही हे त्या चहाच्या चवीवरून त्या घराला जाणवतं. मी ते प्रकरण वाचलं. मूळ पुस्तकात त्याच्या तोडीचं एकही पान नव्हतं.

त्याला पहिला संपादक मिळाला तो कन्नडमध्ये. मराठीत दुसरी आवृत्ती निघण्याची चिन्हं नाहीत. तीनशेतल्या प्रती अजून त्याच्या घरातल्या खाटेखाली आहेत. मध्यंतरी त्याने नव्या कादंबरीचं हस्तलिखित मला पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘यादीत नाव नाही आलं तरी चालेल, पण पूर्ण वाचा.’ दोनशे चाळीस पानं आहेत. मी एकशे नव्वदाव्या पानावर आहे.